‘व्हॉवेल पाच’ हे अर्धेच उत्तर. उरलेले अर्धे बुलढाण्याच्या पाट्यांवर

इंग्रजीत व्हॉवेल किती, असा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही मराठी शाळेत विचारला, तर वर्गातून एका सुरात उत्तर येते : पाच. ए, ई, आय, ओ, यू. उरलेली २१ अक्षरे कॉन्सोनंट. पोलीस भरती किंवा तलाठी परीक्षेची तयारी करणारी मुले त्यात आणखी एक भर घालतात. ‘एज्युकेशन’ या एकाच शब्दात पाचही व्हॉवेल सापडतात म्हणे.

माहिती खोटी नाही. पण ‘एज्युकेशन’ हा शब्द मोठ्याने म्हणून पाहावा. ए, उ, पुन्हा ए आणि शेवटच्या ‘शन’मधला अ, असे चारच स्वर कानावर पडतात. स्पेलिंगमधला ‘आय’ स्वर म्हणून उच्चारलाच जात नाही. शेजारच्या ‘टी’चा ‘श’ करण्यातच तो खर्ची पडतो. म्हणजे अक्षरे पाच आणि स्वर चार. पाठ केलेले उत्तर इथेच डळमळू लागते.

हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या एका गुणापुरता असता तर सोडून देता आला असता. पण पहिली-दुसरीतल्या मुलाला इंग्रजी वाचता येते की नाही, दहावीच्या मुलीला ‘अ’ आणि ‘ॲन’ यांत गोंधळ होतो की नाही, शेतकऱ्याच्या आधार कार्डावरचे नाव बँकेच्या पासबुकाशी जुळते की नाही, हे सगळे शेवटी याच एका गोष्टीपाशी येऊन थांबते. इंग्रजीतले अक्षर आणि तोंडातून निघणारा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना कोणी सांगत नाही.

स्वर म्हणजे नेमके काय?

याचे उत्तर मराठी मुलाला आधीच माहीत असते. ‘आ’ म्हणताना तोंडातली हवा कुठेही न अडता बाहेर येते. ‘प’ म्हणताना ओठ मिटतात, ‘त’ म्हणताना जीभ दातांना टेकते, ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर अडतो. हवा मोकळी सुटली तर स्वर, वाटेत अडली तर व्यंजन. ही व्याख्या जगातल्या कुठल्याही भाषेला लागू पडते. इंग्रजीला वेगळी व्याख्या नाही.

मराठीची वर्णमाला याच हिशेबाने रचलेली आहे. आधी स्वर, मग कंठापासून ओठांपर्यंत क्रमाने येणारे क, च, ट, त, प हे वर्ग. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाला असा कुठलाही हिशेब नाही. ती अक्षरे फिनिशियन व्यापाऱ्यांकडून ग्रीकांकडे, तिथून रोमकडे आणि मग लॅटिनमधून इंग्लंडला पोहोचली. मूळ फिनिशियन लिपीत स्वरांसाठी अक्षरेच नव्हती, सगळी अक्षरे व्यंजनांची होती. ग्रीकांना त्यातल्या काही व्यंजनांचा उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी ती अक्षरे स्वरांसाठी वापरायला काढली. आजचा ‘ए’ हा मूळचा ‘आलेफ’, म्हणजे घशातल्या एका व्यंजनाचे चिन्ह. व्हॉवेलचा म्होरक्या म्हणून मिरवणारे अक्षरच मुळात कॉन्सोनंट होते, हे गमतीचे आहे.

लॅटिनचे काम पाच स्वराक्षरांत भागत होते. इंग्रजीचे भागत नाही. ब्रिटिश इंग्रजीत साधारण २० स्वरध्वनी आणि २४ व्यंजनध्वनी मोजले जातात. एकूण ४४ आवाज आणि त्यांच्यासाठी अक्षरे मात्र २६. वीस माणसांच्या घरात पाच ताटे असावीत, तशी ही स्थिती. मग एकेका ताटात चौघे-चौघे जेवणार, हे ओघाने आलेच.

एकट्या ‘ए’कडे पाहिले तरी पुरे. कॅटमध्ये तो ॲ असतो, केकमध्ये ए, कारमध्ये आ, बॉलमध्ये ऑ, अबाउटमध्ये अ आणि मेनीमध्ये पुन्हा ए, पण ऱ्हस्व. एकाच अक्षराचे सहा आवाज. खामगावच्या बाजारात रोज उच्चारला जाणारा ‘कॉटन’ हा शब्द घ्या. त्यात ‘ओ’ दोनदा येतो. पहिल्यांदा त्याचा उच्चार ऑ, दुसऱ्यांदा अ. ओ असा उच्चार एकदाही नाही.

तो दुसरा, दबका ‘अ’ इंग्रजीत सर्वाधिक वेळा येणारा स्वर आहे आणि त्याच्यासाठी इंग्रजीत स्वतंत्र अक्षर नाही. पाचांपैकी कुठलेही अक्षर त्याचे काम करते : अबाउटमध्ये ए, टेकनमध्ये ई, लेमनमध्ये ओ, सर्कसमध्ये यू. पेन्सिलमधला ‘आय’ही इंग्रज माणूस ‘पेन्सल’ असाच उच्चारतो. मराठी मुलाला हा आवाज शिकवावा लागत नाही. त्याच्या वर्णमालेतले ते पहिलेच अक्षर आहे. सर्कसचा तंबू गावात आला की तो ‘सर्कस’च म्हणतो, ‘सर्कुस’ म्हणत नाही. त्याचा कान बरोबर असतो. चुकते ते स्पेलिंग पाहून केलेले वाचन.

बुलढाणा, बुलडाणा आणि मधला ‘एच’

जिल्ह्याचे नाव मराठीतच दोन प्रकारे लिहिले जाते, बुलढाणा आणि बुलडाणा. भिलठाणा, म्हणजे भिल्लांचे ठाणे, यावरून हे नाव आले असावे असे सांगितले जाते. इंग्रजीतही त्याची दोन रूपे आहेत. १९१० च्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये स्पेलिंग ‘एच’शिवाय होते : बी, यू, एल, डी, ए, एन, ए. २०११ च्या जनगणनेतही तेच राहिले. निवडणूक आयोगाच्या यादीत लोकसभेचा मतदारसंघ मात्र ‘डी’नंतर ‘एच’ लावून येतो. एकाच देशाच्या दोन सरकारी यादींत एकाच जिल्ह्याची दोन स्पेलिंग.

यात दोष कारकुनाचा कमी आणि लिपीचा जास्त. इंग्रजी अक्षरांत ड आणि द यांना मिळून एकच ‘डी’ आहे. ण आणि न यांना मिळून एकच ‘एन’. अ आणि आ यांना एकच ‘ए’. त्यामुळे बाहेरच्या माणसाने ते सात अक्षरी स्पेलिंग ‘बुल्दाना’ असे वाचले, तर त्याला चूक म्हणता येत नाही. अक्षरे तेवढेच सांगतात.

इंग्रजांच्या हे लक्षात आले नव्हते असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम विल्सन हंटर यांनी भारतीय नावे रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत बसवली. त्याआधी जो तो आपल्या कानाला येईल तसे लिहीत असे. पुण्याचे ‘पूना’ दोन ‘ओ’ लावून लिहिले गेले ते त्याच काळात. हंटर पद्धतीत साधा ‘ए’ म्हणजे अ आणि वर आडवी रेघ दिलेला ‘ए’ म्हणजे आ. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघालेल्या ‘इम्पीरियल गॅझेटिअर’मध्ये बुलढाण्याच्या नावातल्या ‘डी’नंतरच्या ‘ए’वर अशी रेघ छापलेली आहे. ड आणि द यांतला फरक दाखवणारी खूण मात्र तिथेही नव्हती. पुढे टंकलेखन यंत्रे आली. त्यांच्या इंग्रजी कळफलकावर ती रेघ नव्हती. तार कचेरीतही नव्हती. रेघ गळाली आणि ‘ए’ एकटा उरला. आज मोबाइलवर दिसतो तो हाच बिनरेघेचा ‘ए’.

त्याचा परिणाम शेगावात रोज ऐकू येणाऱ्या नावावर पाहता येतो. ‘गजानन’ इंग्रजीत लिहिताना ‘ए’ तीन वेळा येतो. पहिला अ, दुसरा आ, तिसरा पुन्हा अ. अक्षर तेच, आवाज दोन. जिल्ह्यातला कोणीही हे नाव चुकीचे वाचणार नाही, कारण ते त्याला आधीपासून पाठ आहे. पण हे नाव कधीच न ऐकलेला माणूस ‘गाजनान’ असेही वाचू शकतो आणि अक्षरांच्या नियमाने तोही बरोबर ठरतो.

शेगावातला ‘एन’ कोणासाठी?

शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, देऊळगाव राजा. या चारही तालुक्यांच्या इंग्रजी नावांत ‘गाव’ लिहिताना शेवटी ‘एन’ असतो. मराठीत तिथे ‘न’ ऐकू येत नाही. मग तो आला कुठून?

ही नावे इंग्रजीत गेली तेव्हा मराठीत ‘गांव’ असे, डोक्यावर अनुस्वार देऊन लिहीत. १९६२ मध्ये शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार गळाले. गांवचे गाव झाले. मराठीने आपले घर झाडून घेतले, पण स्टेशनच्या इंग्रजी पाटीवरचा ‘एन’ तसाच राहिला. इंग्रजी भाषेत न उच्चारली जाणारी अक्षरे का असतात, हे मुलांना समजावायला ‘नाइफ’मधला ‘के’ शोधायची गरज नाही. शेगाव स्टेशनची पाटी पुरेशी आहे. उच्चार बदलला, लिहिणे जुनेच राहिले; दोन्हीकडे गोष्ट एकच.

त्याच शब्दात आणखी एक गंमत आहे. ‘गाव’मधला ‘व’ दाखवायला तिथे ‘ओ’ वापरला आहे. म्हणजे पाच व्हॉवेलपैकी एक अक्षर शेगावात चक्क व्यंजनाचे काम करते. उलट बाजूला ‘वाय’ हे कॉन्सोनंटच्या यादीतले अक्षर स्काय, जिम, बेबी या शब्दांत स्वर असते आणि ‘यस’मध्ये य. फ्लाय, ड्राय, ऱ्हिदम या शब्दांत पाचांपैकी एकही अक्षर नाही, तरी ते उच्चारता येतात, कारण त्यांत स्वर आहे. स्वराशिवाय इंग्रजी शब्द होत नाही हे खरे. पण त्या पाच अक्षरांशिवाय तो होतो.

चिखलीचे स्पेलिंग सात अक्षरांचे, आवाज मात्र पाच : च, इ, ख, ल, ई. ‘सी’ आणि ‘एच’ मिळून एक व्यंजन, ‘के’ आणि ‘एच’ मिळून दुसरे. ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई या दोघांसाठी ‘आय’ एकच. मोताळ्यातला ळ तर रोमन लिपीत पोहोचतच नाही, त्याचा ‘एल’ होतो. अर्थात वऱ्हाडी बोलीतही ळ फारसा टिकत नाही. डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी. त्या ‘य’साठी इंग्रजीत निदान ‘वाय’ तरी आहे.

अक्षरांची नावे अशी का?

मराठी मुलाला इंग्रजी शिकताना सर्वात मोठी ठेच इथे लागते. मलकापूरच्या पाटीवरचा ‘ए’ अ किंवा आ असतो. नांदुऱ्याचा ‘यू’ उ असतो. मेहकरचा ‘ई’ ए असतो. पण वर्गात गेले की ‘ए’ला ए म्हणायचे, ‘ई’ला ई आणि ‘आय’ला आय. गावाची पाटी एक सांगते, पुस्तक दुसरे.

यात गावाची पाटी जुनी आणि पुस्तकातले नाव नवे आहे. लॅटिनमध्ये आणि चौदाव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीतही ‘ए’चा उच्चार आ असा होत असे, ‘ई’चा ए आणि ‘आय’चा ई. ‘नेम’ या शब्दाचा उच्चार तेव्हा ‘नाम’च्या जवळचा होता, म्हणजे आपल्या ‘नाम’च्याही जवळचा, आणि हे दोन शब्द मुळात नात्यातलेच आहेत. ‘टाइम’ला ‘टीम’ म्हणत, ‘हाउस’ला ‘हूस’. १४०० ते १७०० या सुमारे तीनशे वर्षांत इंग्रजीतले दीर्घ स्वर एकामागोमाग एक सरकत गेले. आ सरकून ए झाला, ए सरकून ई झाला, ई सरकून आय झाला. भाषाशास्त्रात याला स्वरांचे महास्थलांतर म्हणता येईल असे नाव आहे.

नेमक्या याच काळात, १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला. छापील पुस्तकांमुळे स्पेलिंग हळूहळू गोठत गेले आणि बोलणे पुढे निघून गेले. इंग्रजी स्पेलिंग विक्षिप्त वाटते ते यामुळे. ती पाचशे वर्षांपूर्वीच्या बोलण्याची नोंद आहे. बाराखडीतले आ, ई, ऊ, ए, ओ आणि जुन्या इंग्रजीतले स्वर जवळजवळ सारखे होते. शेक्सपिअरच्याही आधीचा एखादा इंग्रज आज मलकापूर स्टेशनवर उतरला असता, तर पाटी त्याने बऱ्यापैकी बरोबर वाचली असती.

आजचा इंग्रज मात्र ‘काळे’ हे आडनाव इंग्रजीत पाहून ‘केल’ वाचतो, कारण शेवटी ‘ई’ आला की तो स्वतः गप्प राहतो आणि आधीच्या स्वराला ताणतो, हा त्याच्या भाषेचा नियम आहे. कॅपचे केप, किटचे काइट, हॉपचे होप याच नियमाने होते. ‘इंगळे’ त्याला ‘सिंगल’सारखे ‘इंगल’ दिसते.

‘अ’ की ‘ॲन’?

व्हॉवेल म्हणजे अक्षर असे पाठ केलेला विद्यार्थी हमखास अडकतो तो या प्रश्नात. व्हॉवेलआधी ‘ॲन’, कॉन्सोनंटआधी ‘अ’ हा नियम त्याला येतो. त्यामुळे तो युनिव्हर्सिटीआधी ‘ॲन’ लावतो, कारण स्पेलिंग ‘यू’ने सुरू होते. एसएससीआधी ‘अ’ लावतो, कारण ‘एस’ कॉन्सोनंट. दोन्ही चूक.

नियम आवाजाचा आहे. युनिव्हर्सिटीचा पहिला आवाज य, म्हणजे व्यंजन, म्हणून ‘अ’. एसएससीचा पहिला आवाज ए, म्हणून ‘ॲन’. २१ कॉन्सोनंटपैकी आठ अक्षरांची नावे स्वराने सुरू होतात : एफ, एच, एल, एम, एन, आर, एस, एक्स. म्हणून एमएलए, एफआयआर, एक्स-रे आणि एस.टी. बस या सगळ्यांआधी ‘ॲन’ येतो. उलट ‘यू’ हे व्हॉवेल असूनही त्याचे नाव ‘य’ने सुरू होते, म्हणून यूपीएससीआधी ‘अ’.

इंग्रजी माध्यमाच्या मुलाला यासाठी अपवादांची यादी पाठ करावी लागते. मराठी मुलाकडे त्याहून सोपी युक्ती आहे. शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहायचा. पहिले अक्षर स्वर आले तर ‘ॲन’, व्यंजन आले तर ‘अ’. अंब्रेला, ऑनेस्ट, अवर, एमएलए : सगळे स्वर. युरोपियन, वन, युजफुल, हॉटेल : सगळी व्यंजने. मधला ‘एच’ मूक आहे की बोलका, याचीही चिंता करावी लागत नाही, कारण देवनागरीत मूक अक्षर लिहिलेच जात नाही. अट एकच, शब्दाचा उच्चार ठाऊक हवा.

दुर्दैवाने ही युक्ती फार थोड्या वर्गांत सांगितली जाते. मराठीच्या तासाला स्वर आणि व्यंजन शिकवायचे, इंग्रजीच्या तासाला व्हॉवेल आणि कॉन्सोनंट, आणि ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत हे दोन्ही तासांत सांगायचे नाही. बऱ्याच ठिकाणी दोन्ही तास एकच शिक्षक घेतात, तरीही.

मराठी तरी कुठे चोख?

आपली लिपी उच्चाराप्रमाणे आहे हा अभिमान बराचसा खरा आहे, पुरता नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगवेगळा उच्चारला जातो, लिहिला एकच जातो. पाण्याचा ‘जग’ आणि आपण राहतो ते ‘जग’ लिहिताना सारखेच. ऋ स्वरांत बसवला आहे, पण मराठी माणूस तो ‘रु’ म्हणतो, म्हणजे एक व्यंजन आणि एक स्वर.

इंग्रजीने मराठीच्या स्वरांत भरही घातली आहे. बॅट, बँक, ऑफिस, डॉक्टर या शब्दांतले स्वर मराठीचे नव्हते. जुन्या लिखाणात ‘ब्यांक’ दिसते, आणि खेड्यात अजूनही ‘डाक्टर’, ‘हापिस’ ऐकू येते. नसलेल्या स्वराच्या जागी आपला जवळचा स्वर ठेवणे ही माणसाच्या जिभेची सवय आहे, त्यात अडाणीपणा काही नाही. इंग्रज माणूस खामगावला ‘कामगाव’ म्हणतो तेव्हा तोही हेच करत असतो. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ या दोन स्वरांना मराठी वर्णमालेत अधिकृत जागा दिली. जुन्या व्याकरण पुस्तकांतले १२ स्वर त्यामुळे १४ झाले. आवाज आला म्हणून अक्षर घेतले, हे मराठीने केले. इंग्रजीला गेल्या कित्येक शतकांत ते जमलेले नाही.

मोबाइलवर तर हा व्यवहार रोज उलट्या दिशेने चालतो. मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत टाइप करणाऱ्यांच्या हातून एम, ए, एल, ए ही चार अक्षरे कधी ‘मला’ म्हणून जातात, कधी ‘माला’ तर कधी ‘माळा’ म्हणून. वाचणारा संदर्भाने ओळखतो. आ स्पष्ट करायला लोक दोनदा ‘ए’ टाइप करू लागले. हंटरच्या त्या गळालेल्या रेघेची जागा लोकांनी स्वतःहून भरून काढली, कुठल्याही शासन निर्णयाशिवाय.

एका अक्षराची किंमत

गप्पांत संदर्भ असतो. संगणकाला तो नसतो. त्याच्या लेखी ‘कृष्णा’चे ‘आर’नंतर ‘यू’ असलेले स्पेलिंग आणि ‘आर’नंतर ‘आय’ असलेले स्पेलिंग ही दोन वेगळी माणसे. मराठी उच्चाराने ‘यू’ बरोबर, हिंदी वळणाने ‘आय’ बरोबर. ज्ञानेश्वर कुठे ‘डी’ने सुरू होतो, कुठे ‘जी’ने. लक्ष्मीच्या मध्ये कोणी ‘एक्स’ घालतो, कोणी ‘के, एस, एच’. इंगळे ‘जी’नंतर ‘ए’ घेऊनही येतात आणि न घेताही. विठ्ठल किती ‘टी’ आणि किती ‘एच’ घेईल, हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर.

शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, पासबुकावर तिसरे, असे झाले की फेऱ्या सुरू होतात. पीएम-किसानच्या संकेतस्थळावर आधारप्रमाणे नाव दुरुस्त करण्यासाठी वेगळा पर्याय ठेवावा लागला, यावरूनच हा घोळ किती पसरलेला आहे ते कळते. आधारवरील नाव सर्वसाधारणपणे दोनदाच बदलता येते. शिक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रातली दुरुस्ती शाळेमार्फत करावी लागते, आणि ते शक्य नसेल तेव्हा शासन राजपत्रात नावबदलाची जाहिरात देण्याची वेळ येते. लोणारच्या किंवा संग्रामपूरच्या खेड्यातल्या माणसासाठी याचा अर्थ बुडालेली मजुरी, तालुक्याच्या गावचे भाडे आणि सेतू केंद्रावरची रांग. नाव त्याचे तेच असते. मराठीत ते कधीच चुकलेले नसते.

यावर व्यवस्थेच्या पातळीवरचा उपाय उघड आहे. देवनागरीतले नाव मूळ धरावे आणि रोमन स्पेलिंग हे त्याचे रूपांतर मानावे. राज्याच्या बहुतेक दाखल्यांवर, सातबाऱ्यावर आणि आधार कार्डावरही देवनागरी नाव छापलेले असतेच. पडताळणी करताना मात्र ते बाजूला ठेवून फक्त इंग्रजी अक्षरे जुळवली जातात. ज्या लिपीत आवाज नीट उतरतो ती दुय्यम, आणि जिच्यात ड-द, ण-न, ळ-ल यांचा भेदच नाही ती प्रमाण, असा हा उलटा कारभार आहे.

शाळेत काय करता येईल?

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली. या काळात बुलढाण्यातल्या कित्येक घरांतली पहिली इंग्रजी वाचणारी पिढी तयार झाली. त्या मुलांना घरी विचारायला कोणी नव्हते. एबीसीडी तोंडपाठ, व्हॉवेल तोंडपाठ, पण अनोळखी शब्द समोर आला की थांबायचे, हा त्यांचा अनुभव आहे. अक्षराचे नाव माहीत असून उपयोग नसतो. ‘सी, ए, टी’ ही नावे भरभर म्हटली तर ‘सीएटी’ होते, ‘कॅट’ होत नाही.

क् अधिक ॲ अधिक ट् म्हटले तर ‘कॅट’ होते. मराठीत याला वर्णविग्रह म्हणतात आणि तो मुलांना शिकवलाच जातो, फक्त मराठीच्या तासाला. तोच इंग्रजीच्या तासाला आणण्यासाठी नवे पुस्तक, नवे ॲप किंवा महागडा संच लागत नाही. पहिल्या काही महिन्यांत अक्षरांच्या नावांपेक्षा त्यांच्या आवाजांवर भर द्यावा, आणि ‘व्हॉवेल किती’ या प्रश्नाऐवजी ‘या शब्दात स्वर किती ऐकू आले’ असा प्रश्न विचारावा. वाचनाचे साहित्यही समोरच असते. तेरा तालुक्यांच्या नावांच्या पाट्या दोन्ही लिप्यांत रस्त्यारस्त्यावर आहेत. चौथीतले मूल देऊळगाव राजाच्या इंग्रजी पाटीवर कुठले अक्षर कुठल्या आवाजासाठी आले आणि कुठले उगाच उभे आहे, हे शोधू शकते.

याला एक मर्यादा आहे, आणि ती शिक्षकांनी लपवू नये. आवाज जोडून वाचण्याची पद्धत कॅट, पिन, हॉट या शब्दांत चालते. ‘वन’, ‘सेड’, ‘पीपल’ या शब्दांत चालत नाही. ते शब्द पाहूनच ओळखावे लागतात, इंग्लंडच्या मुलांनाही. इंग्रजी वाचताना मूल अडखळते तेव्हा दोष दर वेळी त्याचा नसतो, कित्येकदा तो त्या पाचशे वर्षे जुन्या स्पेलिंगचा असतो. हे शिक्षकाने एकदा मोकळेपणाने सांगितले, तरी मुलाची निम्मी भीती जाते.

आणि एक काम पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशीच करता येते. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये मुलाचे नाव मराठीत लिहिले जाते, तेव्हाच त्याचे इंग्रजी स्पेलिंगही पालकांसमोर ठरवावे, जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून, एकेक अक्षर वाचून दाखवून. पालकाला इंग्रजी येत नसेल तर हे अधिकच गरजेचे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते होत नाही म्हणून पुढे दहावीच्या फॉर्मवर कोणाच्या तरी घाईतल्या अंदाजाने ‘यू’ किंवा ‘आय’ पडतो.